अप्पांचा गुडमार पाला

लातुरात आमच्या शेजारी शिवलिंगअप्पा राहतात. त्यांच्याकडे चहा मिळतो, पण आधी दारातल्या गुडमारच्या वेलीची दोन पानं चावावी लागतात. ती चावली की बराच वेळ जिभेला गोड कळत नाही; साखर तोंडात टाकली तरी वाळूच. "आता घ्या कितीबी साखर," अप्पा मोठ्या मनाने म्हणतात.

डाळमिलीतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या कुंपणावर कारली, गच्चीवर गुळवेल आणि पाण्याच्या टाकीवर जांभळाच्या बिया. हे सगळं त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या शुगरसाठी. गेल्या वर्षी काकूंच्या पायाला जखम झाली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, गोड सोडा, नाहीतर पाय जाईल. काकू गोळ्या घेतात, पथ्य पाळतात, पण पाला तोंडात घेत नाहीत. "गोड सोडलंय, आता चव बी सोडू का?" मग अप्पा तो गल्लीला चारतात.

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला गव्हाची हुग्गी होती, गूळ घालून घोटलेली. पंगत बसली, हर हर महादेव व्हायचं बाकी होतं. तेवढ्यात कपाळभर भस्म लावलेले अप्पा पितळी ताटातून पानं वाटत निघाले. महादेवाचा प्रसाद समजून लोकांनी ती कपाळाला लावून खाल्ली. नांदेडच्या आमच्या व्याह्यांनी तर पुन्हा मागून घेतली.

हुग्गीचा पहिला घास घेतला आणि पंगत एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. आचाऱ्याने चाखली, त्याला गोड लागली. व्याही न्हाई म्हणाले. त्याने आणखी दोन ढेपा गूळ ओतला, तरी न्हाईच. मुलीकडचे गुळालाही महाग झाले, असं कुणीतरी पुटपुटलं. तेव्हा कुठे मला त्या पितळी ताटातली पानं आठवली.

मी अप्पांना मांडवामागे ओढलं आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी कनातीच्या फटीतून पंगतीकडे बोट केलं.

"मास्तर, वर्ष झालं, लोकं हुग्गी ओरपतेत आन् ही पंगतीतून उठून जाती. कोपऱ्यात रडती. आज समद्यालाच फिकी लागली. बघा की, बसलीय अजून."

माझा राग कुठल्या कुठे गेला, उलट स्वतःचीच लाज वाटली. व्याह्यांना खरं काय ते मी आजवर सांगितलेलं नाही.

पंगतीत काकू वरणभात कालवत विहीणबाईंची समजूत घालत होत्या. "जाऊ द्या ओ बाई, गोडाबिगर बी पोट भरतंय." आणि लई दिवसांनी हसत होत्या.