शेवंताबाईंची टिक

मुलांनो, एका जंगलात सगळं होतं, फक्त इंग्रजी नव्हतं. ते राघोपंत पोपटाने आणलं. तो साहेबांच्या विश्रामगृहात पिंजऱ्यात राहून आला होता.

तिथे शेवंता नावाची रानम्हैस होती. एकदा तिच्या उजव्या कानात गोचीड शिरली. कान ठणकू लागला. तिचा शेजारी बगळा रोजच्यासारखा गोचीड काढायला आला. तेवढ्यात पोपट कानात डोकावला.

"शेवंताबाई, तुमच्या कानात टिक आहे!"

असा शब्द शेवंताने कधी ऐकला नव्हता. तिने बगळ्याला थांबवलं आणि ती थेट घुबडगुरुजींकडे गेली.

गुरुजी खूश झाले. हल्ली त्यांना कोणी काही विचारत नसे.

"टिक हा आवाजावरून आलेला शब्द. आधी हलक्या टिचकीचा आवाज. मग घड्याळाचा. पुढे मास्तर बरोबर उत्तरापुढे खूण करू लागले, तीही टिक."

"म्हणजे मी बरोबर आहे?" शेवंताने विचारलं.

"थांबा, अजून एक अर्थ..."

पण शेवंता केव्हाच निघाली होती. जन्मात पहिल्यांदा तिला कोणीतरी बरोबर म्हटलं होतं. बिचारीचा आनंद खरा होता हो.

बगळा म्हणाला, "बाई, काढू द्या. कान जाईल तुमचा."

"माझी टिक काढतोस? जळतोस मेल्या!"

एका कानाला टिक, मग दुसऱ्याने काय घोडं मारलं? शेवंता उंच गवतात शिरली आणि डावा कान घासून घासून तिथेही टिक मिळवली. हरणं, ससे कौतुकाने बघत राहिले. अस्वलाने तर गवताचा पत्ता विचारून घेतला.

दोन्ही कान सुजले. तिचं रेडकू मागून हंबरायचं, शेवंताला पत्ताच नसायचा. ते पाहून गुरुजींना राहवेना. ते भर उन्हात, डोळे दिपत असताना, तिच्यापर्यंत उडत आले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "शेवंताबाई, टिक म्हणजे गोचीड! हा शब्द वेगळ्याच घरातला, नाव तेवढं सारखं! काढून टाका ती टिक!"

सुजलेल्या कानांतून शेवंताला एवढंच ऐकू आलं: टिक... टिक.

"कळलं हो गुरुजी," ती लाजून म्हणाली. "किती वेळा कौतुक कराल!"

तात्पर्य: शब्दाचे सगळे अर्थ ऐकत बसू नये. मान पहिल्या दोन-तीन अर्थांतच मिळून जातो. पुढे नुसती खाज असते.