झोपेतलं हसू धरायचं का?

"दात दिसले पाहिजेत," दंतवैद्य म्हणाले. "निदान वरचे चार. नुसते ओठ ताणले तर त्याला मी हसू म्हणणार नाही. माझ्या खुर्चीत सगळेच ओठ ताणतात."

तळ्याकाठच्या कुरणात, स्वयंपाकाच्या तंबूमागे तीन मोठी माणसं उकिडवी बसून कुजबुजत होती. बालवीर पथकाच्या शिबिराचा शेवटचा दिवस. संध्याकाळच्या आत सगळ्या पथकांच्या आयुक्तबाई येणार होत्या, मुलांच्या छातीवर पहिला बिल्ला लावणार होत्या आणि, फोनवर म्हणाल्या त्याप्रमाणे, "आणखी एक छोटंसं काम" उरकणार होत्या. सगळी मुलं बिल्ल्याला पात्र ठरली होती. घोडं अडलं होतं ते एका मुलीपाशी आणि चौथ्या नियमापाशी. पथकातलं माणूस कोणत्याही प्रसंगी प्रसन्न असतं, असा तो चौथा नियम. आणि ही मुलगी हसत नव्हती.

रडत होती असंही नाही. तिच्याइतक्या पक्क्या गाठी कुणाला येत नव्हत्या. तळ्यावरून वारा आला की तो कुठून आला हे ती डोळे मिटून सांगायची. पण चेहरा असा, की निकाल राखून ठेवलाय. म्हणून मुलं तिला जजसाहेब म्हणत, आणि तीही त्या हाकेला ओ देई, अर्थातच न हसता.

तिघांतले पथकप्रमुख व्यवसायानं घड्याळजी, आणि नात्यानं जजसाहेबांचे सख्खे आजोबा. चेहऱ्याच्या बाबतीत नात आजोबांवरच गेली होती. शिबिरात तिनं त्यांना 'आजोबा' म्हणायचं नाही, 'प्रमुख' म्हणायचं, हाही त्यांचाच नियम.

"द्या की हो बिल्ला," तिघांतल्या तिसऱ्या, बेकरीवाल्या काकू, म्हणाल्या. "सोन्यासारखी पोर. आज मिळाला नाही, तर वर्षभर पुन्हा छोट्यांच्या गटात बसेल. मैत्रिणी पुढे जातील आणि ही त्यांच्या पाठी बघत राहील."

"माझी नात आहे म्हणून देऊ?"

"नात आहे म्हणून नका देऊ. पण नात आहे म्हणून अडवूही नका."

"नियम म्हणजे नियम, ताई. चाकाचा एक दात तुटला की सगळं घड्याळ थांबतं."

"दातांचं मला सांगू नका," दंतवैद्य म्हणाले. "मुलगी हसेल. मी हसवतो. माझ्यावर सोडा."

आणि त्यांच्यावर सोडलं, हीच पहिली चूक झाली.

सकाळ मोठी सुरेख होती. कुठल्याशा झाडाचा कापूस सुटला होता आणि तो खाली न पडता हवेतच रेंगाळत होता, जणू खाली उतरायचं की नाही यावर त्याचंही काही ठरत नव्हतं. तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यावर एक फळी टाकलेली होती. दंतवैद्यांचा बेत असा, की जजसाहेब पलीकडे उभ्या असताना आपण फळीवरून यायचं, मध्यावर एक पाय घसरल्यासारखं करायचं, हात चक्रासारखे फिरवायचे आणि शेवटी सावरायचं. पाय घसरल्यासारखं करेपर्यंत सगळं बेताप्रमाणे झालं. मग दुसऱ्या पायालाही तीच कल्पना सुचली.

पाणी छातीइतकंच होतं, पण डॉक्टर त्यात आडवे गेले. काठावरची मुलं हसून हसून गवतात लोळली. जजसाहेबांनी कमरेचा दोर सोडला, फासा केला, नेमका डॉक्टरांच्या काखेत टाकला, दुसरं टोक झाडाला गुंडाळलं आणि त्यांना हळूहळू काठाला आणलं.

"लागलं का?" तिनं विचारलं.

"नाही," डॉक्टर पाणी थुंकत म्हणाले. "गंमत नाही वाटली तुला?"

तिनं थोडा विचार केला. "तुम्हाला पोहता येत असतं तर वाटली असती."

डॉक्टरांकडे कपड्यांचा दुसरा जोड नव्हता. त्यांनी काकूंचा लांब एप्रन अंगावर बांधला आणि ओले कपडे स्वयंपाकाच्या तंबूच्या दोरीवर वाळत घातले. दोरी ज्या खुंटीला बांधलेली, तिथली जमीन भिजून मऊ झालेली. कोट चांगला जाड लोकरीचा. खुंटीनं बराच वेळ तग धरला. मग तिनं मान टाकली आणि तंबूनं, दमलेल्या माणसासारखी, बसकण मारली.

आत काकूंनी पावासाठी भिजवलेल्या कणकेची परात होती, आणि परातीशेजारी बटाटे सोलत बसलेले घड्याळजी होते. कापडाखाली एक उंचवटा तेवढा दिसत राहिला. त्यातून आवाज आला, "कुणी घाबरू नये. मी शांत आहे."

मुलं पुन्हा गवतात.

"प्रमुख, हलू नका," जजसाहेब तंबूजवळ वाकून म्हणाली. "डाव्या हाताला खांब आहे. नाही, डाव्या. आता तो सरळ धरा. मी खुंटी ठोकते."

तंबू उभा राहिला, पण कणीक काही सुटायला तयार नव्हती. ती छताला लागली होती, घड्याळजींच्या मिशांना लागली होती, आणि छतापासून मिशांपर्यंत तिचा एक लांब पांढरा धागा लोंबत होता. दंतवैद्य एप्रनमध्ये, प्रमुख धाग्याला बांधलेले. काकूंनी तोंडात पदर कोंबला. डॉक्टरांनी आशेनं जजसाहेबांकडे पाहिलं. तिनं खिशातला रुमाल ओला करून प्रमुखांच्या हातात दिला.

"आधी टोकाकडून पुसा," ती म्हणाली. "नाहीतर आणखी पसरेल."

पाव गेला. तंबूचं कापड धुण्यात सकाळ गेली. जेवायला उकडलेले बटाटे आणि मीठ एवढंच उरलं. कुणी कुरकुर करायच्या आत जजसाहेबांनी मीठ प्रत्येकाच्या तळहातावर ठेवलं आणि ती म्हणाली, "एक एक कण लावून खा. मग चव पुरते." मुलांना त्याचाच खेळ सापडला. बटाटे संपले तरी मीठ उरलं.

जेवण झालं. ऊन असं पातळ सांडलं होतं, की तळं कुठं संपतं आणि आकाश कुठं सुरू होतं ते कळेना. मोठ्यांनी विश्रांतीची शिट्टी वाजवली, मुलांसाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त. मुलं तंबूंत शिरली. जजसाहेबांना तंबूत उकडतं, म्हणून ती झाडाखाली सतरंजीवर पडली आणि पडल्या पडल्या झोपली. काकू भांडी घासता घासता गुणगुणू लागल्या. कणीक तिंबताना त्या अशा ओळी जुळवत असत. आज कणीक नव्हती, तर भांड्यांनाच ऐकवत होत्या.

झोपेच्या गावाला, नाही वेस दार,
हिंडे वारंवार, हसू तेथे.

आणि त्या एकदम थांबल्या.

"डॉक्टर," त्यांनी हळूच हाक मारली. "घड्याळजी. पाय न वाजवता या."

जजसाहेब झोपेत हसत होती. आधी ओठांच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं, तळ्यात मासा वर येऊन जावा तसं. मग दुसरा कोपराही उजळला. मग सगळा चेहराच उघडला. कुणीतरी तिला स्वप्नात फार दिवसांनी भेटलं होतं आणि ते नक्कीच गमतीचं माणूस होतं.

डॉक्टर एप्रन सावरत गुडघ्यांवर बसले. "वरचे सहा," ते कुजबुजले. "स्वच्छ. मी सही करायला तयार आहे."

"झालं तर मग," काकू म्हणाल्या. "नियम पुरा झाला."

घड्याळजी वाकले. त्यांचा हात नातीच्या कपाळाकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला. "झोपेतलं धरता येणार नाही," ते म्हणाले.

"का?"

"नियम म्हणतो, कोणत्याही प्रसंगी. झोप हा प्रसंग नाही. झोपेत माणूस गाठ मारत नाही, वचन देत नाही. मग प्रसन्नता तेवढी कशी धरायची?"

"पण खोटं तरी कुठं हसतेय ती?"

"दुसऱ्या कुणाची मुलगी असती, तर धरलं असतं कदाचित. माझीच आहे, म्हणून मला धरता येत नाही. उद्या लोक म्हणतील, आजोबांनी झोपेतलंही मोजलं."

काकूंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "बरं, एक विचारू? ही शाळेतून आल्यावर कुठं बसते?"

"दुकानात. माझ्या टेबलापाशी."

"आणि तिथं तुम्ही तिला काय सांगता?"

घड्याळजी सांगत काय होते, हे दुकानात आलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. घड्याळातले स्क्रू मोहरीपेक्षा बारीक. टेबलाशी हसलं की श्वास सुटतो, आणि श्वास सुटला की स्क्रू उडतो, तो पुन्हा सापडत नाही. म्हणून डोळ्याला भिंग लावून घड्याळजी सगळा जन्म श्वास आवरून बसले होते. त्यांच्या शेजारी एक छोटं स्टूल होतं, आणि त्यावर बसून, चिमुकल्या वयापासून, तीही श्वास आवरायला शिकली होती.

"हसू नको, स्क्रू उडेल," काकू म्हणाल्या. "मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय."

"नियम तरीही नियमच," घड्याळजी म्हणाले. पण आवाजाची चावी उतरत आली होती. ते नातीपासून थोड्या अंतरावर गवतात बसले. मग टेकले. मग आडवे झाले. डॉक्टर म्हणाले, "मी जागा राहतो," आणि तेच पहिले घोरले. काकूंनी ओळ पुन्हा धरली, पण 'दार' म्हणता म्हणता त्यांचीही मान खाली गेली.

आयुक्तबाई आल्या त्या चालत, नवे बूट चावले म्हणून ते हातात घेऊन. एरवी त्या पोहायला शिकवत. त्यांची हाक पाण्याच्या पार जायची. "कुणी आहे का?" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तोच समोर एक मुलगी ओठांवर बोट ठेवून उभी राहिली.

"हळू बोला," जजसाहेब म्हणाली. "सगळे झोपलेत."

आयुक्तबाईंनी पाहिलं. झाडाखाली रांगेत तीन मोठी माणसं पसरली होती, त्यांतलं एक एप्रनमध्ये. "आणि तू?"

"मी पहाऱ्याला. कुणीतरी जागं हवं ना. तसं मी मघाशीच जागी झाले, पण ते माझ्यावरून भांडत होते. मोठी माणसं भांडत असली की डोळे मिटून पडावं, लवकर संपतं."

आयुक्तबाई रांगेच्या टोकाशी थांबल्या. शिट्टी गळ्यात घेतलेल्या त्या म्हाताऱ्याच्या मिशांत अजून थोडी कणीक होती, आणि मिशांखाली तो चक्क हसत होता.

"हेच प्रमुख?"

"हो."

"मग माझी पंचाईत झाली. ह्यांच्याबद्दल पालकांची तक्रार आहे. मुलांसमोर कधी हसत नाहीत, म्हणे. चौथा नियम मोठ्यांनाही लागू असतो, बाळ. हसत नसतील, तर पथक दुसऱ्या कुणाकडे द्यायचं, हे ठरवायला आले मी. आणि इथं बघते तर हे." त्या खाली वाकल्या. "आता तूच सांग. झोपेतलं धरायचं का?"

कापसाचा एक पुंजका तरंगत आला आणि घड्याळजींच्या मिशीवर बसला. जजसाहेब त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळावरची आठी खोल गेली. एवढा अवघड खटला तिच्यापुढे कधी आला नव्हता.

"धरायचं," ती शेवटी म्हणाली. "पण माझं नका धरू."

"तुझं काय?"

"मी पण झोपेत हसले म्हणे. माझं नाही धरलं, ते ठीक आहे. मी लहान आहे, मला पुढच्या वर्षी जमेल. आजोबांना फक्त झोपेतच जमतं. जागेपणी त्यांच्या टेबलावर स्क्रू असतात."

आयुक्तबाईंनी बूट गवतात ठेवले, खिशातून एक बिल्ला काढला आणि त्याची पिन उघडली.

तेवढ्यात घड्याळजींच्या बंद पापण्यांच्या कडेला पाणी आलं, आणि त्याच वेळी मिशांखालचं हसू वाढलं. ते कानांपर्यंत पोचलं. पोट हललं.

जजसाहेब त्यांच्या चेहऱ्यावर वाकली. "हे जागे आहेत," ती म्हणाली. "बाई, हे आत्ताचं जागेपणीचं आहे. हे धरा."

आणि मग घड्याळजींचा आवरलेला श्वास सुटला. मिशीवरचा कापूस उडाला, वर गेला, आणि उन्हातून तळ्याकडे निघाला.

"उडाला, आजोबा," जजसाहेब म्हणाली आणि कापसामागे धावली. तिच्यामागे आयुक्तबाई, अनवाणीच, उघड्या पिनेचा बिल्ला सांभाळत.

डॉक्टर धडपडत उठून बसले. "हसली? दात दिसले का?"

"पाठ होती इकडे," आधीच जाग्या झालेल्या काकू म्हणाल्या. "पण खांदे हलत होते. मी पाहिले."

"खांद्यांचं नियमात काही नाही," घड्याळजी म्हणाले, डोळे मिटूनच.