हरलेल्याचा कप

"राहू दे, मी सांगतो मराठीतून," असं मी म्हणालो आणि फसलो. खरं तर मला कोणी विचारलंच नव्हतं. (घरात मला सहसा कोणी काही विचारत नाही. म्हणून संधी दिसली की मी आधी बोलून टाकतो.)

झालं होतं असं, की माझ्या सासूबाई, नीराबाई, एप्रिलमध्ये रेवस बंदरावर मासळीच्या पाण्यावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, "आता चालायला लागा." सासूबाई म्हणाल्या, "नाय." डॉक्टरांनी वॉकर दिला. सासूबाईंनी त्यावर लुगडं वाळत घातलं. त्यांच्या घराला नऊ पायऱ्या, म्हणून त्यांना आमच्याकडे आणलं आणि बाहेरच्या खोलीतला पलंग त्यांचा झाला. तो पलंग माझा होता. समोरचा टीव्हीही माझाच होता. तेव्हापासून मी चटईवर झोपत होतो आणि सासूबाई लावतील त्या मालिका बघत होतो.

चेष्टा सोडा. ज्या बाईने पस्तीस वर्षं डोक्यावर पाटी वाहिली, भल्याभल्या गिऱ्हाइकांची बोलती बंद केली, ती पाय जमिनीला टेकवायला घाबरत होती. रोज सकाळी पलंगाच्या कडेला सरकायची, खाली बघायची आणि परत मागे सरकायची. ते बघून मला फार वाईट वाटायचं.

त्यात मुदत जवळ येत होती. आमच्या बाजाराचा एक नियम आहे. नारळी पौर्णिमेनंतर जो पहिला मासळी बाजार भरतो, त्या दिवशी जिची पाटी आपल्या जागेवर नसेल तिची जागा पुढच्या बाईला जाते. मग कितीही भांडा, परत मिळत नाही. सासूबाईंची जागा दारातली, पहिली. ती गेली असती तर त्या नुसत्या विनेशच्या, म्हणजे माझ्या, सासूबाई उरल्या असत्या, आणि हे त्यांना मरणापेक्षा वाईट वाटत होतं. (मलाही थोडं वाईट वाटलं, पण वेगळ्या कारणाने.)

पौर्णिमेला पंधरा दिवस राहिले असताना किहीमच्या बंगल्यातल्या म्हाताऱ्या साहेबांकडून पार्सल आलं. या साहेबांना वीस वर्षं दर रविवारी सासूबाईंनी पापलेट पोचवलं होतं. पार्सलमध्ये एक पेन ड्राइव्ह, गोल्फची एक जुनी काठी आणि चिठ्ठी होती. 'नीराबाई, माझा गुडघा बदलला तेव्हा हा सिनेमा मी तीनदा बघितला. तुम्ही एकदा तरी बघा. काठी आधाराला.'

सिनेमा जुना, काळापांढरा, एका गोल्फ चॅम्पियनची जीवनकथा. आणि इंग्रजी. खाली अक्षरंसुद्धा येत नव्हती.

"पूर्वीला फोन लावते," माझी बायको केसर म्हणाली. पूर्वी म्हणजे आमची मुलगी, पनवेलला कॉलेजात असते. "ती फोनवरून सांगत जाईल."

इथे मी ते ऐतिहासिक वाक्य बोललो. मी पतसंस्थेत क्लार्क आहे. इंग्रजी फॉर्म रोज डोळ्यांखालून जातात. गोल्फबद्दल मला फारसं माहीत नव्हतं हे खरं, पण चेंडू आहे, काठी आहे, समोर आकड्यांचा फळा आहे, म्हटल्यावर त्यात न कळण्यासारखं काय असणार?

रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही बसलो. शेजारचा हिरामण तांडेलही आला. पावसाळ्यात त्याची होडी किनाऱ्यावर ओढलेली असते आणि तो आमच्या घरात ओढलेला असतो.

"कोनाला मारतंय तो?" हिरामणने पहिल्याच मिनिटाला विचारलं.

"चेंडूला."

"टाकला कोनी?"

"कोणी नाही. तो आधीच खाली पडलेला असतो."

"परलेल्याला मारतंय?" सासूबाई म्हणाल्या. "मना नाय आवरला ह्यो."

सुरुवात काही चांगली झाली नाही. पण लवकरच पहिली मोठी स्पर्धा आली. फळ्यावर आकडे लागले. आपला हीरो अडुसष्ट, समोरचा बहात्तर.

"अरेरे! हरला," मी जाहीर केलं. "चार टोले कमी पडले."

आणि तेवढ्यात पडद्यावर लोकांनी हीरोला खांद्यावर घेतलं आणि कप दिला. खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी क्षणभर गडबडलो, पण क्लार्क माणसाला खुलासा देण्याची सवय असते.

"मोठ्या मनाचे लोक हे," मी म्हणालो. "जिंकणाऱ्याला जिंकल्याचा आनंद असतोच. कप हरलेल्याला देतात."

"आयला!" हिरामण भारावून गेला. "आपल्याकरं क्रिकेटला असा केला तं भांडनंच मिटतील."

"मंग त्याची बायको कनाला हसतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"नवरा हरला तरी हसतमुख राहायचं. संस्कार असतात," असं म्हणून मी केसरकडे पाहिलं. केसरने माझ्याकडे पाहिलं. मी परत टीव्हीकडे पाहिलं.

त्यानंतर हीरो आणखी दोनदा असाच हरला आणि दोन्ही वेळा कप घेऊन घरी गेला. सासूबाईंना त्याची दया यायला लागली. "बिचारा. रोज हरतंय, तरी रोज जातंय," म्हणत त्या उशीला टेकून नीट बसल्या.

मग बर्फातल्या पुलावरून त्याची गाडी घसरली. इथून पुढे मला फारसं बोलावंच लागलं नाही. हॉस्पिटल, पायांना प्लॅस्टर, मान हलवणारे डॉक्टर. हीरो भिंतीकडे तोंड करून पडलाय, बायको पाणी घेऊन उभी आहे आणि तो वळत नाही.

"मीच हाय तो," सासूबाई हळूच म्हणाल्या.

हिरामण टीव्हीच्या आणखी जवळ सरकला. पडद्यावर तो माणूस पलंगाचा दांडा धरून उठला, पडला, परत उठला. पायांना वरपासून खालपर्यंत पट्ट्या बांधून मैदानात आला. आणि मी सहज खाली पाहिलं तर चादरीखाली सासूबाईंच्या पायाची बोटं हलत होती! केसरनेही पाहिलं. तिने माझा हात घट्ट धरला. (मागच्या वेळी धरला होता तो आमच्या लग्नात, तोही भटजींनी सांगितलं म्हणून.)

शेवटचा सामना सुरू झाला. हीरो लंगडतोय, घामाघूम झालाय, दर टोल्यानंतर काठीवर रेलतोय.

"जावयबापू," सासूबाई एकदम म्हणाल्या, "ह्यो जिकला तं मी उठन. एकवीरा आईची आन."

आता माझी काय अवस्था झाली असेल ती सांगता येत नाही. आजवर वर्ल्ड कपच्या फायनललाही माझी छाती इतकी धडधडली नव्हती. मी चटईवर गुडघ्यांवर उभा राहिलो. हिरामण गणपतीचं नाव घेत होता. शेवटचा टोला. चेंडू हळूहळू, हळूहळू भोकात गेला. फळ्यावर आकडे लागले. समोरचा एकोणसत्तर. आपला हीरो त्र्याहत्तर!

"जिंकला!" मी किंचाळलो. "चार टोल्यांनी जिंकला!"

हिरामणने उडी मारली, त्याचा हात पंख्याच्या पात्याला लागता लागता वाचला. केसर टाळ्या वाजवत होती. पडद्यावर कप दुसऱ्याला दिला, तेव्हा तर आम्ही आणखी ओरडलो.

"बघा! हरलेल्याला कप! नियम म्हणजे नियम!"

"त्याची बायको रडतंय," सासूबाई म्हणाल्या.

"आनंदाश्रू, आई! आनंदाश्रू!"

सासूबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पाय खाली सोडले. वॉकर धरला, त्यावरच्या लुगड्यासकट. उठल्या. पलंगापासून दारापर्यंत चार पावलं चालल्या, वळल्या आणि चार पावलं परत आल्या. केसर ढसाढसा रडली. मीही रडलो, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढचे दहा-बारा दिवस मी जमिनीपासून चार बोटं वरून चालत होतो. सासूबाई वॉकर सोडून साहेबांच्या काठीवर आल्या, काठी टेकत हिरामणच्या ओट्यावर गेल्या, मग थेट बंदरावर. आणि मी सगळीकडे सांगत सुटलो की डॉक्टरांना जे जमलं नाही ते माझ्या भाषांतराने केलं. पतसंस्थेतल्या मॅनेजरसाहेबांच्या मेहुण्याचा खांदा आखडला होता, त्याच्यासाठी एखादा सिनेमा सुचवा, अशी मला विनंतीसुद्धा झाली.

पहिल्या बाजाराच्या आदल्या दिवशी पूर्वी घरी आली. केसर भाजीसाठी ताटलीत बटाटे काढत होती, हिरामण होताच, आणि सासूबाई दारात काठी टेकून उभ्या होत्या.

"आजी, तू चालतेस!" पूर्वीने बॅग टाकून त्यांना मिठी मारली. "पप्पा फोनवर त्याच सिनेमाचं सांगत होते ना? आमच्या सरांनी दाखवलाय आम्हाला. काय शेवट आहे ना! मला इतकं वाईट वाटलं, शेवटी तो..."

'वाईट' हा शब्द ऐकून मी कान टवकारले. शेवट वाईट? काहीतरी घोटाळा होता. काय ते मला कळलं नाही, पण उद्या बाजार होता आणि सासूबाईंनी देवीची शपथ घेतली होती, एवढं कळलं.

"पूर्वी, चहा टाक!" मी ओरडलो.

"थांबा हो पप्पा. तर शेवटी तो..."

"पूर्वी, गोल्फ कसा खेळतात दाखवू?" मी सासूबाईंच्या हातातली काठी घेतली, केसरच्या ताटलीतला एक छोटा बटाटा जमिनीवर ठेवला, हीरोसारखे पाय फाकले, कमरेतून वळलो आणि सगळा जीव लावून टोला मारला.

बटाटा जागचा हलला नाही. माझ्या कमरेत मात्र कट्‌ असा आवाज झाला आणि मी पलंगावर आडवा पडलो. (चार महिन्यांनी माझा पलंग मला मिळाला तो असा.)

"पप्पा, तो जिंकत नाही शेवटी," पूर्वी शांतपणे म्हणाली. "हरतो. गोल्फमध्ये ज्याचे टोले कमी, तो जिंकतो."

मी पडल्या पडल्या अडुसष्ट, बहात्तर, ते तिन्ही कप, ती हसणारी बायको, सगळं आठवलं आणि डोळे मिटून घेतले. आता सासूबाई परत पलंगावर येणार. पलंगावर तर मी होतो.

"मना माईत हाय," सासूबाई म्हणाल्या.

मी डोळे उघडले. "काय माहितेय?"

"तो हरला ता. पस्तीस वरसं बाजारान बसतंय मी. कोनाची पाटी रिकामी जाली नि कोनाची तशीच परली, ता मानसाच्या तोंडावं दिसतं. ती बायको काय आनंदानं रडत व्हती?"

"मग तुम्ही उठलात कशाला?"

"हरला तरी सोताच्या पायांवं चालत गेला. मना तेवराच पायजे व्हता."

"अहो, मग तेव्हाच सांगायचं ना!"

"तुमी येवरं नाचत व्हतं, जावयबापू. कनाला दुखवू तुमचा मन?"

तेवढ्यात केसरच्या लक्षात आलं. "आये," ती म्हणाली, "तुझी काठी तर ह्यांच्या हातात आहे!"

खरंच होतं. सासूबाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, कशालाही न धरता. त्यांनी आपल्या पायांकडे एकदा पाहिलं, पदर खोचला आणि चालत जाऊन माझ्यासाठी शेकायची पिशवी घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी दारातल्या पहिल्या जागेवर त्यांची पाटी लागली. किहीमहून म्हातारे साहेब पहिलं पापलेट घ्यायला आले. केसर, पूर्वी, हिरामण, सगळे तिथे होते. पूर्वीने मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. सासूबाई गिऱ्हाइकाशी भांडत होत्या आणि इतक्या सुंदर दिसत होत्या की मला कमरेचा विसर पडला. फोन ठेवल्यावर परत आठवण झाली. त्याच डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, "पडून राहू नका, चाला." वॉकर पलंगाशेजारी उभा होता. माझी लुंगी मी त्यावर वाळत घातली होती.

संध्याकाळी सासूबाई रिकामी पाटी घेऊन आल्या, मासळीचा वास आणि तोंडभर हसू घेऊन. माझ्या चटईवर ऐसपैस बसल्या.

"काय जावयबापू, आज किती पावलं चाललं?"

"सात," मी कण्हत, पण जरा अभिमानानेच सांगितलं.

"सातच?" त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "केसर, टाल्या वाजव गो! जावय गोल्फमदी पयलं आलं!"