घरत डॉक्टरांची भूल

घरत डॉक्टर नव्या माणसाला भेटले की नमस्काराच्या आधी त्याचं वजन करतात. डोळ्यांनीच. आम्ही बदलापूरला या इमारतीत राहायला आलो त्या दिवशी लिफ्टमध्ये एक टक्कल पडलेले, जाड भिंगाचा चष्मा लावलेले गृहस्थ माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत होते. मी ओळखीचं हसलो. ते म्हणाले, "बहात्तर. पोटावरचं सोडलं तर अडुसष्ट धरायला हरकत नाही. तुम्हाला फार औषध लागणार नाही."

लिफ्ट थांबली आणि ते समोरच्या दारात शिरले. घरी येऊन वजनकाट्यावर उभा राहिलो. बहात्तर.

मग कळलं, की हे घरत डॉक्टर, जनावरांना भूल देणारे. स्वतःचा दवाखाना नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात कुठेही कुत्र्यामांजराचं ऑपरेशन असलं की यांना बोलावणं येतं. कापणारा डॉक्टर वेगळा, झोपवणारे हे. वजनावर औषध ठरतं, म्हणून नजरेला ती सवय लागलेली. एका लग्नात त्यांनी नवऱ्याच्या मावशींना "ऐंशीला टेकलात" असं कौतुकाने सांगितलं होतं. मावशींना ते वय वाटलं. वजन आहे असं डॉक्टरांनी समजावल्यावर प्रकरण आणखी चिघळलं.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात नोकरी करतो. रसायनांशी रोजचा संबंध, त्यामुळे असेल, पण त्यांच्या बॅगेतल्या बाटल्यांबद्दल मला भारी कुतूहल. रविवारी सकाळी मी प्रश्न विचारायचो आणि ते खुशीत यायचे.

"हे आपलं दूध," पांढरंशुभ्र औषध उजेडात धरून ते सांगत. "शिरेतून द्यायचं. कुत्रं बघता बघता पेंगतं. पण हळूहळू द्यायचं हं, पाटणकर. घाई केली तर जनावर श्वास घ्यायचंच विसरतं."

दुसऱ्या एका औषधाला ते 'उघड्या डोळ्यांचं' म्हणत. त्याने मांजर झोपतं, पण डोळे टक्क उघडे राहतात. मालक घाबरून ओरडायला लागतो. डॉक्टर शांतपणे त्या डोळ्यांत मलम घालतात, कोरडे पडू नयेत म्हणून. "डोळे उघडे म्हणजे जागा असं काही नसतं," ते म्हणायचे. "सोसायटीच्या मीटिंगला बघत जा."

डॉक्टर मूळचे बारवी धरणाकडच्या गावातले, भातशेतीच्या घरातले. तिकडून अजूनही बोलावणी येतात. एकदा मीही सोबत गेलो. बैलाच्या शिंगाला जखम झाली होती. बैल एवढा, की मी कुंपणाबाहेरूनच बघत होतो. डॉक्टरांनी सिरिंजमध्ये इतकं थोडं औषध भरलं, की बैलाचे म्हातारे मालक म्हणाले, "डाक्तर, यवऱ्याशान काय व्हनार?"

"घोडा असता तर भरपूर लागलं असतं, काका. बैल त्या बाबतीत हळवा."

थोड्या वेळाने बैलाने मान खाली घातली, लाळ गाळली आणि एखादा पाहुणा बाजेवर टेकतो तसा सावकाश बसला. म्हातारे काका मग बैलाकडे न बघता डॉक्टरांकडेच बघत राहिले.

त्यांची दुसरी खोड म्हणजे भाषा. भूल देण्याआधी ते मालकाला विचारणारच, "घरी याच्याशी कुठल्या भाषेत बोलता?" उल्हासनगरला एका सिंधी आंटींचा गुबगुबीत पग होता. त्याच्यासाठी डॉक्टर "अच पुट, अच" एवढं सिंधी शिकून आले होते. अच म्हणजे ये, पुट म्हणजे लेकरू. पग शेपूट हलवत आला. डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडलं आणि नाक आत घातल्यासारखं करून हुंगलं.

"आंटी, सुबह से क्या खाया इसने?"

"कुछ नहीं, डॉक्टर साब. पानी भी नहीं."

"काली मिरी का वास आता है."

आंटी जरा घुटमळल्या. "पापड़ दिया था. पापड़ कोई खाना थोड़ी होता है."

ऑपरेशन पुढे ढकललं. पोटात अन्न असताना झोपवलं आणि उलटी झाली, तर ती फुफ्फुसात जाते, हे डॉक्टरांनी आंटींना आपल्या मोडक्या हिंदीत समजावलं. आंटींनी सगळं ऐकून घेतलं आणि निघताना त्यांच्या हातात पापडांचा पुडा ठेवला.

असे हे डॉक्टर. त्यांच्या पत्नीला जाऊन दोनेक वर्षं झाली होती, मुलगी बंगलोरला. पण एकटा माणूस म्हणून त्यांची काळजी करावी असं कधी वाटलं नाही. सदा घाईत, सदा गमतीत. आमच्याकडे चहाला बोलावलं तरी "आज नको, ठाकुर्लीचा बोका आहे" असं काहीतरी सांगून निसटायचे.

मग आमची चिंगी आजारी पडली.

चिंगी म्हणजे आमची पांढरी, केसाळ, म्हातारी कुत्री. खाणं सोडलं आणि नुसतं पाणी प्यायला लागली. अंबरनाथच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की गर्भाशयात पू झालाय, आजच्या आज काढावं लागेल. मग त्यांनी चिंगीच्या छातीवर नळी ठेवून ऐकलं. "हृदय चांगलं नाही. घरत सर येत असतील तरच मी हात लावते."

डॉक्टर दुपारीच आले. त्या दिवशी त्यांनी कुणाचं वजन सांगितलं नाही. चिंगीच्या छातीला बराच वेळ कान देऊन बसले. माझी बायको सुनंदा तिला धरून उभी होती.

"उठेल ना, भाऊजी?"

"वहिनी, खोटं सांगत नाही. हृदय थकलंय. पण नाही झोपवलं तर तशीही वाचणार नाही. थेंबाथेंबाने देईन. मी तिच्या उशाशीच आहे."

सुनंदाने मान हलवली आणि हात सोडला.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. समोरून कंपन्यांच्या पाळीला निघालेल्या रिक्षा जात होत्या. सुनंदा चिंगीचा पट्टा बोटांभोवती गुंडाळत होती, सोडवत होती. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "झालं. मध्ये श्वास थांबला होता. सरांनी हाताने फुगा दाबून दाबून श्वास दिला. आता शुद्धीवर यायची वाट बघायची."

सुनंदा रडायला लागली. तिच्यासाठी पाणी आणायला मी आत गेलो. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. चिंगी चादरीत गुंडाळलेली, नळ्या लावलेली. डॉक्टर स्टुलावर बसून तिच्या कानाशी वाकून बोलत होते. त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, की कान आधी जागे होतात, म्हणून बोलत राहावं लागतं. मला वाटलं, ऊठ, शाब्बास, असं काहीतरी म्हणत असतील.

"...काल सिलिंडरवाला आला गो. विचारतो, दुपारी घरी कोन असतं? मी बोललो, असतात ना, सगली असतात. का बोललो काय म्हाईत." ते त्यांच्या गावच्या बोलीत बोलत होते. ती मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. "पोरीचा फोन येतो. जेवलात का, बाबा? मी बोलतो, जेवलो. मग ती पन गप, मी पन गप. पोरीच्या आईला जमायचं ते. ही असती तर तासभर बोलली असती."

चिंगीचा कान हलला. मग एक डोळा किलकिला झाला. डॉक्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"थांब जरा. एवढं सांगून होऊ दे."

मी पाण्याचा ग्लास घेऊन पाऊल न वाजवता मागे फिरलो. सुनंदाने डोळ्यांनीच विचारलं. मी म्हटलं, "येतेय शुद्धीवर. बोलावतील." थोड्याच वेळात आतून त्यांचा नेहमीचा खणखणीत आवाज आला. "वहिनी, या. पहिलं तोंड तुमचं दिसू दे तिला."

चिंगी सुधारली. टाके निघाले, पोळी-दुधावर पुन्हा ताव मारायला लागली. त्या दिवशी ऐकलेलं एका रात्री मी फक्त सुनंदाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने चिंगीला पट्टा बांधला आणि माझ्या हातात दिला. "डॉक्टरांकडे घेऊन जा. अशक्त वाटते म्हणावं."

मी समोरची बेल वाजवली. डॉक्टरांनी दार उघडलं, चिंगीला उचललं, हिरड्या बघितल्या, पोट दाबलं. चिंगीने त्यांची हनुवटी चाटली.

"काही झालेलं नाही हिला."

"सुनंदाला वाटतं, रोज थोडा वेळ तुम्ही नजरेखाली ठेवावं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिलो. मग ते दारातून जरा बाजूला झाले. आत टीव्ही बंद होता आणि खिडकीशी एकच खुर्ची होती.

मी आत पाऊल टाकणार, तेवढ्यात ते म्हणाले, "तुम्ही जा, पाटणकर. तिला राहू दे."