गजाकाकांचं मशीन

गजाकाका कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रीज बंद करतात आणि आपल्या स्कूटरची चावी त्या फ्रीजमध्ये ठेवतात. फ्रीजची घरघर त्यांना सोसत नाही, आणि चावी आत असली की निघताना तो पुन्हा चालू करायचं लक्षात राहतं. मुंबईत शूटिंगच्या जागी आवाज रेकॉर्ड करण्यात जन्म गेला, त्याची ही सवय. निवृत्त होऊन पालीजवळच्या आमच्या गावात परतले, तरी सुटली नाही. आमच्या हिनं एकदा ती चावी भेंडीच्या पिशवीतून शोधून दिली आहे.

माझं पालीला लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. त्यामुळे काकांनी रेकॉर्डिंगचं मशीन घ्यायचं ठरवलं, तेव्हा ती पीडा माझ्याच मागे लागली.

मशीन कशाला, तर गाऱ्हाण्यासाठी. शिमग्यात देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे गावच्या चौथऱ्यावर, बसली की काकांचे थोरले भाऊ तात्या गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालतात, आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. अख्खं गाऱ्हाणं तोंडपाठ असलेले तात्या शेवटचेच. वय अठ्ठ्याऐंशी. पुढच्या शिमग्याची हमी कोण देणार?

"मोबाइलवर घेऊ की," मी म्हणालो.

मी चपला घालून देवळात शिरल्यासारखं काकांनी माझ्याकडे पाहिलं. "गावाच्या वरडण्यात तात्या बुडतो रे! त्याचा आवाज वेगळा पायजे, गावाचा वेगळा. आठ माईक, आठ ट्रॅक. आनि मशीन खांद्याला अडकवून फिरता आलं पायजे."

मी ओळखीतून एकेक मशीन चार दिवसांच्या बोलीवर आणू लागलो. पहिलं जड. "ह्याला उचलायला कोल्हापूरचा पैलवान आण." दुसऱ्याची बॅटरी घटकाभरात बसली. तिसरं मला आवडलं, काकांना नाही. "टोक खातंय," ते म्हणाले. म्हणजे बारीक, वरचे आवाज येत नाहीत. चौथंही टोक खात होतं. शिमगा पंधरा दिवसांवर आला आणि माझं डोकं फिरलं.

पाचवं मशीन घेऊन आम्ही त्यांच्या अंगणात बसलो. समोर रातांब्यावर दयाळ बसला होता. काकांनी हेडफोन चढवला आणि माईक झाडाकडे धरला.

"बघ, चोच हलतेय, गळा फुगतोय, आनि आत आवाज नाय! ह्यानंपन टोक खाल्लान."

मी हेडफोन माझ्या कानाला लावला. दयाळ गात होता, अगदी स्वच्छ. मशीनं सगळी चांगली होती.

"खातंय खरं," मी म्हणालो आणि मशीन खोक्यात भरलं. खोटं बोललो, पण त्याची मला लाज वाटत नाही.

दोन दिवसांनी काका स्वतःच दुकानात आले. "मोठ्या पडद्याचं आण. उन्हात दिसनारं." आवाज कसा आहे, हे त्यांनी विचारलंच नाही. मोठा पडदा कशाला, हे मीही नाही. तसं मशीन आणलं आणि त्यांनी ते हेडफोनला हात न लावता घेऊन टाकलं.

पालखी सहाणेवर बसली. काकांनी एक माईक तात्यांच्या सदऱ्याला लावला, सात गावकऱ्यांत मांडले आणि हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला. "तू आयक. मी बघतंय." पडद्यावर आठ रेषा होत्या. आवाज चढला की रेष चढायची. काकांचे डोळे त्यांच्यावरून हलत नव्हते.

तात्यांनी पाऊसपाणी मागितलं, गुराढोरांचं मागितलं, मुंबईला गेलेल्या पोरांचं मागितलं. मग जरा थांबले.

"आनि म्हाराजा, ह्यो आमचा गजा. जलमभर दुसऱ्यांचे आवाज राखलान. त्याचे कान तू राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तात्यांना कुणी सांगितलं होतं, देव जाणे. गाव एवढ्या मोठ्यानं ओरडला की मी हेडफोन उचलून धरला. गाऱ्हाणं संपल्यावर काकांनी माझा दंड धरला.

"मघाशी सगळ्या रेषा एकदम उसळल्या. काय मागितलान तात्यानं?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन शब्दन् शब्द सांगितला.

काका पडद्याकडेच बघत राहिले. लोक पालखीकडे वळले होते, ढोल सुरू झाला होता. त्यांनी हात जोडले आणि सगळ्यांच्या मागून, एकटेच, हळूच म्हणाले, "व्हय म्हाराजा."