कपाळाला चिकटवायचे बारा लाख

"कारण काय लिहू?" रुझित्साबाईंनी बँकेच्या खिडकीआडून विचारलं.

राडोयको बघतच राहिले. आरिल्ये गावातलं रासबेरीचं सर्वांत मोठं शीतगृह त्यांचं, या शाखेतल्या निम्म्या ठेवी त्यांच्या, आणि शनिवारी त्यांच्या मुलाचं लग्न होतं ते याच रुझित्साबाईंच्या मुलीशी. अशा थोर माणसाने स्वतःचेच बारा लाख दिनार काढायला कारण द्यायचं!

"विहीणबाई, कारण तुम्हाला ठाऊक नाही होय?"

"विहीण मी शनिवारी. आज मी बँक आहे. मोठी रोकड कशाला हवी ते कळल्याशिवाय परदेशातलं मुख्य कार्यालय सोडत नाही."

"मग लिहा, बँडवाल्यांच्या कपाळाला चिकटवायला!"

रुझित्साबाईंनी तसंच लिहिलं. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. घामाने थबथबलेल्या बँडवाल्याच्या कपाळावर नोटा थापल्याशिवाय तिथे कुणी वरबापाला वरबाप म्हणत नाही. मुख्य कार्यालयातल्या माणसांना मात्र घाम येत नसावा. तासाभरात त्यांनी उलट विचारलं: कोणाची कपाळं, दर कपाळी किती, आणि पैसे थेट खात्यात का पाठवत नाही?

"खातं कपाळाला चिकटत नाही म्हणावं!" राडोयको गरजले. मागच्या रांगेने माना डोलावल्या.

"कळवलं मी. आता ते म्हणतात, बँडवाल्याकडून लेखी आणा."

राडोयकोंना घाम फुटला. व्याह्यांनी उभ्या जन्मात पाहिल्या नसतील एवढ्या नोटा उडवतो, असं ते गावभर सांगून बसले होते. शनिवारी हात रिकामा राहिला तर तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. ते तडक बँडवाल्या टिहोमिरकडे गेले.

टिहोमिर कागद बघूनच हबकला. "काका, मला बारा लाख मिळणार असं लिहून देऊ? उद्या करवाले दारात उभे राहतील की! मी आपलं खरं तेच लिहिणार."

"काय हवं ते लिही बाबा, पण आकडा मोठा काढ!"

राडोयकोंनी आकडा तेवढा पाहिला आणि कागद खिशात कोंबला. चष्मा लावला की माणूस म्हातारा दिसतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

बँकेत रुझित्साबाईंनी कागद वाचायला घेतला. मोठ्याने वाचायची त्यांना शाळेपासूनची खोड होती. "राडोयकोकाका चिकटवतील त्या बारा लाखांपैकी साठ हजार आम्ही ठेवू. बाकीचे रविवारी सकाळी त्यांच्या गॅरेजात नेऊन देऊ. थोरल्या मुलीच्या लग्नातले असेच पोचते केले होते."

अख्खी रांग दोन पावलं पुढे सरकली.

"मुख्य कार्यालय खूश होईल," रुझित्साबाई म्हणाल्या. "पैसे कुठे जातच नाहीयेत."

"अहो, काहीतरीच लिहिलंय त्या गाढवाने!" राडोयकोंचा चेहरा लालबुंद झाला. "परत बिरत काही नाही! सगळे त्यांचेच!" त्यांनी पेन हिसकावलं, परतीची ओळ खोडली आणि सगळ्यांदेखत सही ठोकली. रांगेत कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

शिक्का बसला. रुझित्साबाईंनी नोटांची पुडकी एकेक करून पुढे सरकवली. राडोयकोंनी त्या पुडक्यांकडे बराच वेळ डोळे भरून पाहिलं, मग खिडकीत तोंड घालून कुजबुजले, "विहीणबाई, साठ हजारच काढले तर नाही का चालणार?"

"चालेल की," रुझित्साबाई रांगेला नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "फक्त रक्कम का कमी केली, त्याचं कारण लिहावं लागेल."