दत्ताभाऊंच्या पोटातली जागा

दत्ताभाऊंना चहा विचारला की ते लगेच हो किंवा नको म्हणत नाहीत. पोटावर तळहात ठेवतात, डोळे मिटतात आणि क्षणभर कान दिल्यासारखे गप्प बसतात. मग म्हणतात, "अर्धा कप. जागा हाय." कधीकधी नुसतंच, "थांब, आत विचारून सांगतो." नवखा माणूस घाबरतो. त्याला वाटतं, यांच्या अंगात येतंय की काय.

आम्ही मात्र या पोटाचा आधीचा अवतार पाहिलेला आहे. दत्ताभाऊ आमचे शेजारी. अलिबागच्या अलीकडे त्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि वाडीतच पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या. पाहुण्यांना सुमनवहिनींच्या हातचं जेवण. पाहुणे बसले की त्यांना सोबत म्हणून भाऊ बसत आणि पाहुणे हात धुऊन समुद्रावर गेले तरी भाऊंची सोबत चालूच असे. थंडीत आमच्याकडे पोपटी लावतात. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, ओवा-मीठ असं सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडकं भरायचं आणि भोवती जाळ करायचा. त्यात भाऊंचं मडकं वेगळं असे. मांडव्याच्या लाँचमध्ये चढले की खलाशी हात जोडून म्हणायचा, "भाऊ, तेवढं मधोमध बसा." भाऊ खुशीनं मधोमध बसायचे आणि डबा उघडायचे.

पुढे साखर वाढली, गुडघे बोलायला लागले. विहिरीपर्यंत जाऊन यायचं तर वाटेत नारळाला टेकून बसायची वेळ आली. शेवटी वहिनी त्यांना मुंबईच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून पोट लहान करू. केळ्याएवढं ठेवू.

भाऊ वाडीतला माणूस. त्यांनी विचारलं, "कुठलं केळं? राजेळी का वेलची?"

डॉक्टरांनी गोंधळून हातानंच माप दाखवलं. भाऊंनी ते नीट पाहिलं आणि वहिनींकडे वळून खचलेल्या आवाजात म्हणाले, "वेलचीच्या वर, राजेळीच्या खाली."

ऑपरेशन झालं. एवढा अगडबंब माणूस ओसरीवर बसून चमच्याचमच्यानं मुगाचं पाणी पिताना आम्ही पाहिला. मग पातळ खिमट, मग कुस्करलेली अंडी. जेवताना पाणी प्यायचं नाही, घास अगदी बारीक होईपर्यंत चावायचा. एकदा सवयीनं भाकरीचा तुकडा गबकन गिळला, तर तो छातीतच अडला. भाऊ घामाघूम होऊन विहिरीभोवती फेऱ्या मारत होते आणि वहिनी मागून पाठ चोळत फिरत होत्या. त्या दिवसापासून भाऊंनी घासाचा मान ठेवायला सुरुवात केली.

त्या वर्षीच्या पोपटीला ते येणार नाहीत असं आम्ही धरूनच चाललो होतो. आले. मडकं उघडलं, वाफेबरोबर ओव्याचा वास सुटला आणि आम्ही नेहमीसारखे तुटून पडलो. भाऊंनी एक शेंग उचलली. सोलली. एक दाणा तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिले. चावत राहिले म्हणजे किती, तर हळूहळू आमची तोंडं थांबली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. देवळात समई लागताना माणसं गप्प होतात ना, तशी शांतता. शेवटी भाऊंनी डोळे उघडले. "वालाला गोडी असते रे," ते म्हणाले. "एवढी मडकी रिकामी केली, पण वाल आज खाल्ला." त्यानंतर मीही हातातली शेंग जरा बघून खाल्ली.

भाऊ उतरत गेले. वहिनींनी त्यांच्या जुन्या शर्टांचे उशांना अभ्रे शिवले. एका शर्टात दोन उशा सहज.

गेल्या वर्षी माझी आई गेली. वडिलांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी, तेव्हापासून जेवणच टाकलं. मी आणि बायको दोघंही अलिबागला नोकरीला. सकाळी ताट झाकून जायचो, संध्याकाळी ते तसंच झाकलेलं सापडायचं. "भूक नव्हती," एवढंच म्हणायचे. सदरा खांद्यावरून घसरायला लागला. रागावून पाहिलं, विनवून पाहिलं. काही उपयोग नाही.

एके दिवशी दुपारी दत्ताभाऊ वाटी घेऊन आमच्या दारात उभे राहिले. मी तेव्हा रजेवर होतो.

"तात्या, डॉक्टरनं मला एकट्यानं जेवायला बंदी केलीय. समोर जेवणारं माणूस लागतं. न्हायतर घास उतरणार न्हाय."

तात्यांचा डॉक्टरांवर भारी विश्वास. त्यांनी निमूट ताट पुढे ओढलं. "मग बस की दत्तू. पण हळू चाव हां."

भाऊ रोज यायला लागले. तात्या त्यांच्या आधीच हातपाय धुऊन तयार. वर आम्हालाच दम, "दत्तूला ताटकळत ठेवता येत नाही, ऑपरेशनचं माणूस आहे." पुढे पुढे फर्माइशी सुरू झाल्या. आज बोंबलाचं कालवण करा, उद्या भात मऊ ठेवा, दत्तूला चावायला त्रास होतो. तात्यांच्या गालावर मांस दिसायला लागलं.

सुमनवहिनी भेटल्या तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टरांनी बंदी घातली, ते आमच्या पथ्यावर पडलं."

"कसली बंदी?" वहिनी म्हणाल्या. "डॉक्टर असलं काय बोललाच न्हाय, भाऊजी. मी वाढायला गेले की हे म्हणतात, आता नको, तात्यांकडं जायचंय. एवढीशी जागा ती. तुमच्यासाठी राखून ठेवतात."

ज्या माणसाच्या पोटात घासभर जागा उरली होती, तो ती माझ्या वडिलांसाठी मोकळी ठेवत होता.

रविवारी वाडीत गेलो. भाऊ सुपाऱ्या वाळत घालत होते. मी सांगितलं, वहिनींकडून कळलं. ते ओशाळले.

"अर्धंच खोटं होतं रे," खाली बघत म्हणाले. "भूक गेली त्याचं मला काय वाटलं न्हाय. पण माणसांत जेवलेला माणूस मी. आता पाहुणे जेवून उठतात. सुमन थोडी थांबते, पण तिला कामं. ताटं घासायला जातात, टेबल पुसून होतं, नि मी एकटा वाटी घेऊन बसलेला. तात्यांना दात न्हायत. माझ्याएवढाच वेळ लागतो त्यांना."

त्या दुपारी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून दोघांना पाहिलं. बोलणं फारसं नव्हतंच. भाऊ नेहमीसारखे डोळे मिटून चावत होते आणि वाटीत अजून बरंच शिल्लक होतं. तात्यांचं ताट मात्र कधीच संपलं होतं. एकच शेवटचा घास त्यांनी कालवून ताटाच्या कडेला ठेवला होता. मधूनच ते तो बोटांनी सारखा करत आणि पुन्हा तसाच ठेवत.

भाऊंची वाटी रिकामी झाली, तेव्हा तात्यांनी तो घास उचलला आणि तोंडात घातला.